भीमगड: परवानगी, वटवाघूळ आणि ‘ऐच्छिक’ पुनर्वसन

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगडाचा विषय निघाला की बोलणं गडावर कमी आणि परवानगीवर जास्त होतं. शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला तो उभारला, असं इकडे सांगतात. तुटलेले कडे पाहिले की जागेची निवड पटते. आता वर थोडी तटबंदी, बाकी रान.

जगाला हा भाग कळला तो एका दुर्मीळ वटवाघळामुळे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या या जातीची शास्त्रीय नोंद १९१३ ची. ऐंशीहून जास्त वर्षं ती फक्त इथंच असल्याचं मानलं जाई. पुढे मेघालय आणि कंबोडियातही सापडली. म्हादई नदीचा उगमही याच रानात, देगावजवळ. डिसेंबर २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं आणि बहुतेक मराठी बोलणारी १३ गावं त्यात सापडली.

तिथून ‘ऐच्छिक पुनर्वसन’ या शब्दाचा घोळ सुरू होतो. कागदावर अर्थ सरळ: जायचं त्यानं कुटुंबामागे १५ लाख घेऊन जावं, नको असेल त्यानं राहावं. पण राहायचं म्हणजे धड रस्ता नाही, ओढ्यावर पूल नाही, आणि भर पावसात आजारी माणूस खांद्यावरून चिखलातून आणायचा. रस्ता मागितला की अभयारण्याचा कायदा पुढे केला जातो. मग यात इच्छा कुणाची? हेही खरं की तरुण पोरं कधीच बेळगाव-गोव्याला गेलीत आणि काही घरांना खरोखरच बाहेर पडायचं आहे. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना पहिला हप्ता मिळाला. बाकी गावांत एकमत नाही. देव इथला, शेत आजोबांचं, आणि १५ लाखांत दुसरीकडे शेती किती येणार?

ट्रेकरांवरचा लगाम त्यामानाने अलीकडचा. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर गर्दी उसळली आणि ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेल्या जंगलवाटा राज्यभर बंद झाल्या. म्हणून जुनी वाट पाठ असली तरी आधी वनखात्याकडे चौकशी करावी. विनापरवाना शिरल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. पावसाळ्यात ओढे फुगतात, तेव्हा नकोच. गव्याला लांबून वाट द्यावी. अस्वल मात्र दाट झाडीत समोर येईपर्यंत दिसत नाही, त्यामुळे बोलत चालावं. गुहांत शिरून टॉर्च मारू नये. वाटाड्या गावातलाच घ्यावा. तळेवाडीचा हवा असेल तर यापुढे तो गावाबाहेर शोधावा लागेल.