मोठं इंजिन, हेवी अल्टरनेटर आणि आर.सी. बुकातली एक ओळ

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीच्या एखाद्या गॅरेजात जुनी अँबॅसिडर विक्रीला उभी असली की गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडायला सांगतं. आत मूळचं 1489 सीसीचं इंजिन असलं तर भाव एक. इसुझू या जपानी कंपनीचं 1817 सीसीचं चढवलेलं असलं तर दुसरा. आणि त्या 1817 ची नोंद आर.सी. बुकात असली तर तिसरा. गाडी तीच, पत्रा तोच, फरक कागदावरच्या एका ओळीचा. ती ओळ इतकी महाग कशी झाली हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

सत्तरच्या दशकापर्यंत आपल्याकडं इंजिन बदलायचं म्हणजे झिजलेलं काढून तसलंच बसवायचं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, क्रँक ग्राइंड करून घ्यायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर भंगारात निघालेल्या गाडीचं तेच इंजिन उचलायचं. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि लोकांची नजर डिझेलकडं वळली. पहिला मान जीपचा. विलीजच्या 2.2 लिटरच्या पेट्रोल इंजिनाचं पोट भरणं शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा त्या जागी ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल आलं. पाठोपाठ अँबॅसिडरमध्ये मॅटाडोर या टेम्पोचं इंजिन आलं. ते मूळ मर्सिडीजच्या आराखड्याचं, 1767 सीसीचं. वजनाला जड, आवाजाला मोठं, पण तंबाखूच्या व्यापाऱ्याला निपाणीहून कोल्हापूर आणि परत रोज परवडेल असं. वडापवाल्यांनी, म्हणजे माणसं भरून गाडी चालवणाऱ्यांनी, तर हिशेब बोटावर केला होता. 1980 च्या आसपास कारखान्यानंच डिझेल अँबॅसिडर काढली, पण तिचं इंजिन 1489 सीसीचंच होतं. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन तवंदी घाट किंवा वंटमुरीचा चढ चढताना ती दुसऱ्या गिअरवरून हलायची नाही. म्हणून गॅरेजातला मॅटाडोर काही गेला नाही.

हे काम इथंच एवढं का रुजलं याचं उत्तर रस्त्यात नाही, लेथवर आहे. कोल्हापुरात शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचा धंदा आणि शिरोलीच्या फौंड्र्या, बेळगावात उद्यमबागेतली मशीन शॉप्स. ओतकाम, बोअरिंग, मिलिंग, सगळं तासाभराच्या अंतरावर. परक्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडायचा तर मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते, आणि त्या प्लेटवरच सगळं अवलंबून असतं. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आलाच पाहिजे. केसाएवढा फरक राहिला तरी क्लच दाबला की कुरकुर सुरू होते आणि काही महिन्यांत पुढचं बेअरिंग जातं. चांगला मिस्त्री प्लेट आवळल्यावर डायल गेज लावून फ्लायव्हील हातानं फिरवायचा, काटा हलला की बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. गेज न लावता फक्त डोळ्यानं जुळवणारेही होते, आणि त्यांच्यामुळं या सगळ्या कामाचं नाव खराब झालं, हेही खरं आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यातूनच अँबॅसिडर 1817 सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घेऊन आली. ताकद 75 बीएचपी. आधीची जेमतेम पन्नासच्या घरातली. मग 1960-70 च्या मार्क वन, मार्क टू या जुन्या अँबॅसिडर बाळगणाऱ्यांनी अपघातात गेलेल्या इसुझू गाड्यांची इंजिनं बॉक्ससकट उचलायला सुरुवात केली. प्रीमियर पद्मिनीवाल्यांची वाट वेगळी. प्रीमियरच्याच 118 एनई या गाडीचं निस्सानचं 1171 सीसी इंजिन, त्याच्या गिअरबॉक्ससह. 1089 वरून 1171, आकड्यात फक्त 82 सीसीची वाढ, पण स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा खाली येतो आणि गाडी वेगळीच वाटते.

इंजिनासोबत अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आलाच. त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून इथं थोडं सविस्तर. जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांना त्याच कामासाठी डायनामो असायचा. त्यातला नेहमीचा मोठा डायनामो 22 अँपिअरचा. दोन हेडलाइट, वायपर, हॉर्न एवढ्यावर तो पुरायचा, पण इंजिन धिम्या गतीवर असलं की चार्जिंग जवळजवळ बंद. उसाच्या हंगामात चिकोडी-निपाणी भागात रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगायला नको. पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागा नाही, गाडी सरपटतेय, आणि हेडलाइट पिवळे होत होत कंदिलावर आलेले. अल्टरनेटर धिम्या गतीवरही चार्ज करतो, आणि 35 पासून 65 अँपिअरपर्यंतचे सहज मिळत होते. मोठ्या इंजिनाला मोठा सेल्फ, मोठी बॅटरी, बहुतेक वेळा विजेवरचा रेडिएटर फॅन आणि डिझेल असलं तर हीटर प्लग. एवढा भार जुन्या डायनामोला झेपणं शक्यच नव्हतं.

पण अल्टरनेटर नुसता बोल्ट आवळून बसत नाही. कितीतरी जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडलेला असायचा. त्यात अल्टरनेटर तसाच जोडला की आतले डायोड क्षणात जातात. आधी अर्थ निगेटिव्ह करावा लागतो. मग डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी कट-आउट आणि रेग्युलेटरची डबी काढायची, आणि चार्जिंगचा लाल दिवा शाबूत ठेवायचा, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचं एक्सायटेशन, म्हणजे जागं व्हायला लागणारा पहिला करंट, त्या दिव्यातूनच मिळतं. बल्ब उडाला तर अल्टरनेटर उठतच नाही. सगळ्यात घात व्हायचा तो करंट मोजणाऱ्या अ‍ॅमीटरमुळं. जुन्या डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जायचा. 22 अँपिअरच्या हिशेबानं टाकलेल्या त्या वायरमधून 60 अँपिअर गेले की डॅशबोर्डमागं आधी वास, मग धूर. जाणता वायरमन अ‍ॅमीटर काढून व्होल्टमीटर लावायचा आणि बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढायचा. इसुझूच्या डिझेल इंजिनाच्या अल्टरनेटरमागं तर व्हॅक्यूम पंपच असतो. डिझेलला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ब्रेकचा बूस्टर त्या पंपावर चालतो. तिथं 'करंट जास्त पाहिजे' म्हणून दुसराच अल्टरनेटर लावला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. चोर्ला घाटाच्या उतारावर हे कळणं म्हणजे फार उशिरा कळणं.

आर.सी. बुकात मात्र अल्टरनेटरला रकानाच नाही. तिथं असतात ते इंजिन नंबर, चेसिस नंबर, सिलिंडर, घनक्षमता, इंधन, वजन. म्हणून डायनामो गेला, अल्टरनेटर आला, याची नोंद कुठल्याच कार्यालयानं कधी मागितली नाही. सगळा वाद इंजिनाचा.

तो वाद 'ओरिजिनल' या एका शब्दाभोवती फिरतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आणि नंतर 1988 च्या कायद्याच्या कलम 52 च्या पहिल्या रूपात मालकाला बदल करायला मनाई नव्हती. आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, मंजुरी घ्यायची आणि आर.सी. बुकात नोंद करून घ्यायची, एवढीच अट होती. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरायची सोयसुद्धा होती. म्हणजे कायद्याचा प्रश्न असा होता: कागदावर जे लिहिलंय ते गाडीशी जुळतं का? नव्वदच्या दशकात इसुझू चढवलेल्या अनेक गाड्यांचा कागद अशाच रीतीनं नीट झालेला आहे. आमच्या मामांच्या 1968 च्या मार्क टूचं जुनं पुस्तक मी पाहिलंय. मूळ इंजिन नंबरावर लाल शाईची आडवी रेघ, शेजारी नवा नंबर, खाली 1817, आणि मंजुरीचा गोल शिक्का. तपासनिसानं इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा त्याच पानाला चिकटवलेला.

2000 च्या दुरुस्तीनं प्रश्नच बदलला. आता कलम म्हणतं की नोंदणीतला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. तुलना आता कागद आणि गाडी यांच्यात राहिली नाही, गाडी आणि कारखाना यांच्यात गेली. आणि इथंच गुंता आहे. 'मुळात' म्हणजे कधी? 1968 ची ही गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी? की त्याच नावाचं मॉडेल त्याच कारखान्यानं पुढं 1817 सीसीसह विकलं तेव्हाही? त्या कारखान्यानंच अँबॅसिडरला हे इंजिन दिलंय, तेव्हा उत्पादकाचा तपशील मोडला कुठं, हा गॅरेजवाल्यांचा युक्तिवाद मला अजूनही वजनदार वाटतो. कार्यालयांनी मात्र दुसरा अर्थ धरला: तपशील त्या विशिष्ट चेसिस नंबरचा, मॉडेलच्या नावाचा नाही.

'सेम मेक, सेम टाइप चालतं' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात आणि एजंटाच्या टेबलावर ऐकायला मिळतं. ते कायद्यात आहे, पण सांगतात तसं नाही. किमान दहा परिवहन वाहनं असलेल्या मालकाला त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, एवढंच ते पोटकलम म्हणतं. असा बदल झाल्यावरही 14 दिवसांत कळवायचं असतंच. खासगी एका गाडीच्या मालकाला त्यातून काहीच मिळत नाही. या अर्ध्या वाक्यावर विसंबून इंजिन चढवलेल्या आणि मग पासिंगला अडकलेल्या गाड्या निपाणीपासून खानापूरपर्यंत आहेत.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेमुळं यात आणखी एक पीळ. इंजिन कोल्हापुरात घेतलेलं, बसवलेलं निपाणीत, गाडी कोल्हापूरच्या एमएच 09 नंबरची, मालकाचं घर कर्नाटकातल्या चिकोडीच्या केए 23 च्या हद्दीत. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की तिथं नव्यानं नोंदणी करायची, त्यासाठी ना-हरकत आणायची, आणि त्या वेळी पुन्हा इंजिन नंबराचा ठसा. एका बाजूच्या अधिकाऱ्यानं मंजूर केलेला बदल दुसऱ्या बाजूनं मानायचा का, हा प्रश्न इतर जिल्ह्यांत क्वचित येतो. आपल्याकडं तो रोजचा.

जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कलम 52 चा कडक अर्थच कायम केला. प्रकरण बॉडीतल्या बदलांचं होतं, पण त्यानंतर इंजिनाची फाइल हातात घ्यायलाही कुणी तयार होईना. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. यामागची काळजी खोटी नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत 75 बीएचपी घालून ब्रेकला हात न लावणारे लोक होते. पण तेच कलम मान्यताप्राप्त किट वापरून पेट्रोल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा बॅटरी चालू देतं. इंजिन समूळ काढून मोटर बसवता येते, मात्र त्याच कारखान्याचं 328 सीसीनं मोठं इंजिन बसवता येत नाही.

दरम्यान डिझेलचं कारणच संपलं. पेट्रोलचे दर 2010 मध्ये आणि डिझेलचे 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, दोन्हींतलं अंतर कमी झालं. अँबॅसिडरचं उत्पादनही 2014 मध्येच थांबलं. आता जो इंजिन बदलतो तो पैसे वाचवायला नाही. त्याला वाडवडिलांची गाडी आजच्या हायवेवर चालवायची असते. विम्यातही गोष्ट सोपी नाही. थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पे 1000 सीसीपर्यंत, 1000 ते 1500 आणि 1500 च्या वर असे आहेत. पद्मिनीचं 1171 त्याच टप्प्यात राहतं, अँबॅसिडर मात्र 1489 वरून 1817 वर गेली की टप्पाच बदलतो. कागद जुना ठेवून हप्ता भरणारा मालक अपघाताच्या दिवशी उघडा पडतो.

जुलै 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुन्हा नोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा. अल्टरनेटर त्या यादीत नाही, इंजिन आहे. म्हणजे 1996 मध्ये रीतसर मंजुरी घेऊन, शिक्का मारून घेतलेली गाडीही व्हिंटेज ठरत नाही. ज्यांनी त्या काळचा कायदा पाळला त्यांच्यासाठी या नियमांत एक ओळ असायला हवी होती. डिझेल जीप, मॅटाडोरवाली अँबॅसिडर, इसुझूवाली मार्क टू हाच या भागातला मोटारींचा खरा इतिहास आहे, आणि मूळ रूपाच्या व्याख्येत तोच बसत नाही.

मामांच्या गाडीचं जुनं पुस्तक जमा होऊन कार्ड आलं तेव्हा त्यावर घनक्षमता 1817 आली, नवा इंजिन नंबर आला, पण बदल मंजूर असल्याचा शेरा आला नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी नेली की तपासनीस कार्डाकडं बघतो, 1968 या सालाकडं बघतो आणि विचारतो, हे इंजिन कुठनं आलं. मामा ग्लोव्ह बॉक्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीतली झेरॉक्स काढतात: लाल रेघ, गोल शिक्का, पेन्सिलचा ठसा. पिशवी त्यांनी या वर्षी दुसऱ्यांदा बदलली.