वद्य त्रयोदशीचा काळोख

६ मार्च १६७३ च्या रात्री शिवाजी महाराजांचा सरदार कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी पन्हाळ्याचा कडा चढला आणि गड घेतला. तिथी फाल्गुन वद्य त्रयोदशी. २८ सप्टेंबर २०१६ च्या रात्री भारतीय सैन्याच्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या तुकड्या सर्जिकल स्ट्राइकसाठी नियंत्रण रेषेपलीकडे गेल्या, तेव्हा भाद्रपद वद्य त्रयोदशी होती. योगायोग असेलही. पण या तिथीला चंद्र पहाटे चारच्या आसपास उगवतो, तोही नखाएवढा. म्हणजे आत घुसायला अख्खी रात्र काळोखी.

असा काळोख वापरायचा तर आधी डोळे तयार करावे लागतात. अंधारात बाहुली २ मिलिमीटरवरून ७ पर्यंत फाकते. त्यातून जेमतेम बारापट प्रकाश जास्त मिळतो. डोळ्याची संवेदनक्षमता मात्र लाखपटीहून अधिक वाढते. ही वाढ होते दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींमुळे. त्यांच्यातलं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होतं. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, दंडपेशींना ३० ते ४० मिनिटं लागतात. म्हणून निघण्याआधी अर्धा तास उजेड पूर्ण वर्ज्य. तेवढ्यात कुणी मोबाईल उघडला की त्याची कमाई बुडाली! यावर जुना उपाय आहे: उजेड टाळता येत नसेल तर एक डोळा घट्ट मिटायचा. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे मिटलेला डोळा कामाचा राहतो.

पुढची अडचण पाहण्याच्या सवयीची. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. अंधारात ज्या वस्तूकडे रोखून पाहाल तीच नाहीशी होते. म्हणून नजर वस्तूच्या दहा-पंधरा अंश बाजूला ठेवतात. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, तेवढं माप पुरतं. एकाच जागी टक लावली तर चित्र विरत जातं, आणि एकटा दिवा किंवा तारा हलतोय असा भासही होतो. पहाऱ्यावरच्या नवख्याला दूरचा स्थिर दिवा चालून येताना दिसतो तो यामुळेच. उंचीचाही फटका बसतो. साधारण दीड हजार मीटरच्या वर ऑक्सिजन कमी पडू लागला की सगळ्यात आधी रात्रीची नजर मंदावते. पन्हाळा हजार मीटरच्या आतला, तिथे हे जाणवायचं नाही. काश्मीरच्या पीर पंजाल डोंगररांगेत जाणवतं. सिगारेट ओढणाऱ्याला तर खालीसुद्धा, कारण कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो.

नकाशा वाचायला लाल टॉर्च वापरतात. दंडपेशींना ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-निळा प्रकाश सर्वाधिक जाणवतो, लाल जवळजवळ नाही. त्यामुळे सरावलेली नजर टिकते. पण लाल उजेडात नकाशावरच्या उंची दाखवणाऱ्या लाल-तपकिरी समोच्च रेषा कागदात मिसळून जातात. दरी कुठली आणि डोंगराची धार कुठली, तेच कळेनासं होतं. दुसरी गफलत जास्त महागात पडते. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीला लाल आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश उत्तम दिसतो. समोरच्याकडे ती असेल, तर आपली लाल टॉर्च म्हणजे त्याला दिलेली हाक.

या दुर्बिणीतही जादू नाही. ताऱ्यांचा उजेड, साधारण हजारांश लक्स, गॅलियम आर्सेनाइडच्या थरावर पडून इलेक्ट्रॉन सुटतात. सूक्ष्म नलिकांच्या चकतीत त्यांची संख्या हजारोपट होते आणि पडद्यावर हिरवं किंवा पांढरं चित्र उमटतं. गुहेतल्या निखळ अंधारात वाढवायला काही नसतंच, तिथे स्वतःचा अवरक्त दिवा लावावा लागतो, आणि तोही शत्रूच्या दुर्बिणीला दिसतो. शिवाय दिसतो तो फक्त ४० अंशांचा तुकडा, त्यामुळे मान सतत फिरवत राहावी लागते. खोलीचा अंदाज तर जातोच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सपाट माळावर हे चालून जाईल, पण पठाराच्या कडेला फूटभर खळगा आणि पुरुषभर खड्डा सारखेच दिसतात. म्हणून दुर्बीण डोळ्यांवर असतानाही पाऊल जुन्याच रीतीनं टाकतात: भार मागच्या पायावर, पुढचा पाय उंच उचलायचा, आधी जमीन चाचपायची, ती टिकतेय असं कळलं की मगच वजन टाकायचं. वेग निम्म्याहून कमी होतो. मोहिमेच्या वेळापत्रकात तो आधीच धरलेला नसेल, तर तुकडी उजाडताना उघड्यावर सापडते.