चौकशीचा फोन आणि शब्द टाकणं: नोकरी गेल्यावर होणारी एक गल्लत

‘नमस्कार सर, तुमच्या कंपनीत काही ओपनिंग असेल तर नक्की कळवा. सीव्ही जोडला आहे.’

कंपनीने माणसं कमी केली की पहिल्याच आठवड्यात हा मजकूर लिंक्डइनवरून आणि व्हॉट्सॲपवरून पन्नास जणांना जातो. उत्तरं मोजकीच येतात, आणि त्यातलीही बरीच अंगठ्याच्या इमोजीपुढे सरकत नाहीत. ऑफिसात असताना ही अडचण नसते. कॅन्टीनच्या रांगेत, खालच्या टपरीवर आधी नुसती विचारपूस होते आणि कामाचं बोलणं दोन-चार चहांनंतर निघतं. घरी बसून फोनवरून ओळख काढायची तर मधले हे चहा गळतात. मग दोन वेगळ्या विनंत्या एकाच ओळीत कालवल्या जातात: एक चौकशीची आणि दुसरी शब्द टाकण्याची.

चौकशी म्हणजे तुमच्याकडे काम कसं चालतं, कुठल्या कौशल्याला मागणी आहे, माणसं कशी निवडतात, हे वीस मिनिटं बोलून समजून घेणं. शब्द टाकणं म्हणजे कंपन्यांच्या बोलीतला रेफरल: आतल्या माणसाने एखाद्या जागेसाठी तुमचं नाव सुचवणं. चौकशीत समोरच्याचा वेळ जातो, रेफरलमध्ये त्याची पत पणाला लागते. वेळ अनोळखी माणसालाही देता येतो. पत द्यायची तर तुमचं काम थोडं तरी माहीत असावं लागतं. वरच्या मजकुरात नेमकं काय मागितलंय ते वाचणाऱ्याला कळत नाही. शिवाय ‘काही ओपनिंग असेल तर’ म्हणजे कंपनीची जागांची यादी चाळण्याचं कामही त्याच्याच गळ्यात. तो ‘बघतो’ म्हणतो आणि विसरतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही.

रेफरल आतून कसा चालतो ते पाहिलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. कर्मचारी कंपनीच्या आतल्या पोर्टलवर जाऊन जॉब आयडी, म्हणजे त्या जागेचा क्रमांक, निवडतो, तुमचं नाव, ईमेल, फोन भरतो आणि सीव्हीची पीडीएफ चढवतो. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी विचारतात: या व्यक्तीला कसं ओळखता? सोबत काम केलंय का? इथे त्याची बोटं अडतात. तुमच्याबद्दल दोन ओळी लिहिण्याइतकी माहिती त्याच्याकडे नसेल, तर फॉर्म अर्धवट राहतो किंवा ‘लिंक्डइनवरची ओळख’ असं लिहून जातो, आणि अशा रेफरलला फारसं वजन नसतं. म्हणून त्याला उचलून चिकटवता येईल असा मजकूर तुम्हीच द्यायचा. साधारण असा:

‘जॉब आयडी अमुक, सीनियर डेटा इंजिनीअर, पुणे. ७ वर्षांचा अनुभव, त्यातली ४ वर्षं बँकिंगच्या डेटा पाइपलाइनवर. रात्रीचा ६ तासांचा बॅच जॉब २ तासांवर आणला. लगेच रुजू होता येईल. ओळख: २०१९ ते २०२१ एकाच प्रॉडक्टवर, वेगवेगळ्या टीममध्ये.’

हा मजकूर मात्र इंग्रजीतच लिहून पाठवा, कारण तो थेट पोर्टलमध्ये जाणार. बाकीचं बोलणं मराठीत असायला हरकत नाही. अनोळखी माणसाला पहिला निरोप इंग्रजीत, त्याने मराठीत उत्तर दिलं की आपणही मराठीत, हा क्रम सहसा चुकत नाही. नुसतं आडनाव मराठी दिसलं म्हणून पहिल्याच ओळीत ‘दादा’ म्हणू नये. वरिष्ठांना ‘सर’, ‘मॅडम’ किंवा नावापुढे ‘जी’. अरे-तुरे फक्त बॅचमेटला.

क्रम चुकला की रेफरल वाया जातो. अनेक कंपन्यांत तुम्ही आधी स्वतः अर्ज केलेला असेल तर सिस्टिम तुम्हाला जुना उमेदवार धरते आणि मागून आलेला रेफरल मोजत नाही. तेव्हा एखाद्या कंपनीत ओळख निघण्यासारखी असेल तर दोन दिवस थांबा, आधी त्या माणसाला विचारा, मग अर्ज करा. एकाच कंपनीतल्या पाच जणांनाही एकदम गाठू नये. बहुतेक ठिकाणी पहिला रेफरलच धरला जातो. दुसऱ्याने पोर्टलवर नाव टाकलं की ‘आधीच रेफर झालेले’ असं दिसतं आणि तो मनातल्या मनात चरफडतो.

आणि हा वशिला नव्हे. वशिल्याने माणूस आत बसतो. रेफरलने फारतर अर्ज ढिगातून वर येतो. परीक्षा, मुलाखती, पगाराची घासाघीस इतरांइतकीच. हे ठाऊक नसल्याने काही जण संकोचाने रेफरल मागतच नाहीत, तर काही जण मिळाल्यावर तयारी सोडतात. रेफरलसाठी पैसे मागणारा तर सरळ फसवणारा समजावा. बऱ्याच कंपन्यांत रेफर केलेला माणूस रुजू होऊन काही महिने टिकला की कंपनीच रेफर करणाऱ्याला बोनस देते. उमेदवाराने पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही.

चौकशी कोणाकडे करायची? जिवलग मित्रांपासून सुरुवात करणं स्वाभाविक आहे, पण त्यांना माहीत असलेल्या जागा बहुधा तुम्हालाही माहीत असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांची पाहणी मांडली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी १६.७ टक्क्यांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होई. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत आणि २७.८ टक्के क्वचितच. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यांचा कलही याच बाजूचा होता, मात्र अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम-सैल ओळख जास्त उपयोगी ठरली. आपल्याकडे ती म्हणजे कॉलेजातले दोन वर्षं पुढचे, आधीच्या कंपनीतल्या शेजारच्या टीममधले, परगावच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरचे गणेशोत्सवापुरते भेटणारे.

शोधायची सोपी वाट: लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडून ‘ॲल्युमनी’ हा माजी विद्यार्थ्यांचा विभाग घ्या, शहर आणि कंपनी निवडा. हाती येतील त्यातले आठ-दहा जण निवडा आणि प्रत्येकाचं प्रोफाइल खरोखर वाचा. जोडणीच्या विनंतीसोबतच्या नोटमध्ये दोन-तीनशे अक्षरंच मावतात, त्यामुळे ‘आशा आहे आपण कुशल असाल’ला जागा नाही. घाईत नोट न जोडता विनंती गेली आणि ती मागे घेतली, तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

नोटेत चार गोष्टी पुरतात: ओळखीचा धागा, तुम्ही कोण, नेमकं काय विचारायचंय, किती वेळ. मराठीत सांगायचं तर: ‘सर, मी आपल्याच कॉलेजचा, २०१६ची मेकॅनिकल बॅच. ऑटो क्षेत्रात ८ वर्षं होतो, मागच्या महिन्यात पद कमी झालं. तुम्ही ऑटोमधून मेडिकल डिव्हाइसमध्ये गेलात. क्वालिटीच्या कामात काय बदलतं ते विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात २० मिनिटं मिळतील का?’ यात सीव्ही नाही, ओपनिंग हा शब्द नाही. नोकरी गेल्याचं मात्र लपवलेलं नाही. लपवलं तर ते नंतर कळतंच आणि बोलणं अवघडतं. पण त्यावर अर्ध्या वाक्याहून जास्त रेंगाळू नये. समोरच्याची कंपनीही त्याच लाटेत हेलकावत असू शकते, म्हणून लिहिण्याआधी तिच्या बातम्या पाहून घ्या.

वीस मिनिटं ठरली की वीसच. पहिली दोन आभारात आणि स्वतःच्या तीन वाक्यांत. पुढची बारा-तेरा प्रश्नांची, आणि प्रश्न गूगलवर न मिळणारे हवेत: नव्या माणसाची पहिल्या तीन महिन्यांत कुठे दमछाक होते? सीव्हीतलं काय पाहून तुम्ही तो बाजूला ठेवता? या कामासाठी कुठलं सर्टिफिकेट खरंच विचारतात आणि कुठलं नुसतं शोभेचं? सध्या भरती चालू आहे की गोठवलीय? हा शेवटचा विचारायलाच हवा. भरती गोठवलेली असताना मागितलेला रेफरल पोर्टलवर धूळ खात पडतो. उरलेल्या वेळात: ‘याबद्दल आणखी कोणाशी बोलू?’ दोन नावं मिळाली तरी फोन सार्थकी लागला. त्याच दिवशी चार ओळींत आभार, आणि सांगितलेल्यातली कुठली एक गोष्ट लगेच करणार ते.

फोन लावून आठव्या मिनिटाला ‘तर मग माझं नाव टाकाल का?’ हे मात्र बिनसतं. माणूस चौकशीला म्हणून बसलेला असतो, त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो पुढचं नाव तर सुचवत नाहीच. समोरून ‘सीव्ही पाठवा ना’ आलं तर अर्थातच लगेच पाठवा. नाही आलं तर चार-पाच दिवस जाऊ द्या, कंपनीच्या करिअर्स पानावर जुळणारी जागा शोधा आणि वेगळ्या निरोपात, जॉब आयडीसकट, नकाराला वाट ठेवून विचारा: ‘ही जागा माझ्या कामाशी जुळतेय. माझं नाव द्यायला तुम्हाला योग्य वाटत असेल तरच; नसेल तर मी थेट अर्ज करतो.’ उत्तर न आल्यास आठवड्याने एक आठवण, आणखी दोन आठवड्यांनी दुसरी. तिसरी नको.

आधी सोबत काम केलेलं असेल तर ही चौकशीची पायरी गाळा. तीन वर्षं शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे ‘तुमच्या क्षेत्राबद्दल जाणून घ्यायचं होतं’ म्हणणं हास्यास्पद दिसतं. ‘अरे, हा जॉब आयडी, हा सीव्ही, टाकतोस का?’ एवढं पुरे.

परदेशातल्या माणसाशी बोलायचं तर घड्याळ सांभाळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि कॅलिफोर्निया साडेबारा. एरवी साडेदहा आणि साडेतेरा. उन्हाळ्यात पुण्यातले रात्रीचे साडेआठ म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. नोव्हेंबरात तेच सात होतात आणि माणूस झोपेत सापडतो. निरोपात दोन्हीकडची वेळ लिहा. झूमचं फुकटचं खातं ४० मिनिटांनी बंद पडतं, वीस मिनिटांच्या फोनला त्याची चिंता नाही.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेलेल्यांना एवढी सवड नसते. कामाच्या शेवटच्या दिवसानंतर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. नव्या कंपनीला याच मुदतीत व्हिसाचा अर्ज दाखल करावा लागतो, आणि त्याआधी श्रम खात्याकडून जो दाखला लागतो त्यालाच कामकाजाचे ७ दिवस जातात. म्हणजे ऑफर चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आत हाती हवी. इथे चौकशी पहिल्या आठवड्यात उरका, पुढे थेट रेफरल मागा, आणि मुदतीची तारीख निरोपात स्पष्ट लिहा. ‘लवकर हवंय’ला कोणी हलत नाही, तारखेला हलतात.

रेफरन्स आणि रेकमेंडेशन हे शब्दही यात गुंततात. रेफरन्स म्हणजे निवड जवळपास पक्की झाल्यावर एचआर ज्याला फोन करून तुमच्याबद्दल विचारते तो माणूस, बहुधा जुना मॅनेजर. त्याला आधी सांगून ठेवा. रेकमेंडेशन म्हणजे लिंक्डइनवर सगळ्यांना दिसणारा शिफारशीचा परिच्छेद. तो असला तर बरा, नसला तर अडत नाही.

ज्याने नाव टाकलं त्याला निकाल तुम्ही कळवायचा, कारण पोर्टलवर त्याला बरेचदा नुसतं ‘बंद’ एवढंच दिसतं. ‘दुसऱ्या फेरीत थांबलं, सिस्टिम डिझाइन कमी पडलं, त्याची तयारी करतोय.’ त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायला अनेकदा सहा महिने थांबावं लागतं. नेमका अवधी किती, ते त्यालाच विचारून तारीख लिहून ठेवा.