चोक ओढल्यावरच मोटर चालते? ऑइल वाढवू नका

सरदार सरोवराच्या फुगवट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, जुन्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) बोटमोटरी वापरणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे: मोटर चोक ओढल्याशिवाय चालत नसेल तर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा. हे चूक आहे आणि मोटरीला महागात पडतं.

चोक हवा कमी करतो. तो ओढल्यावर मोटर सावरते, म्हणजे तिला पेट्रोल कमी मिळतंय. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; त्यातल्या जेटच्या, म्हणजे बारीक पितळी तोटीच्या, छिद्रातून पेट्रोल-ऑइलचं ठरावीक मिश्रणच जातं. त्यात ऑइल वाढवलं की पेट्रोलचा वाटा आणखी घटतो. मग पिस्टन तापतो, प्लग काळा पडतो आणि दोष तिथेच राहतो. प्रमाण कंपनीने सांगितलंय तेच ठेवा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, बस्स.

मोटर दमायला लागली की आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. निम्म्या तक्रारी माझ्या मते इथेच मिटाव्यात. मग नळीवरचा रबरी फुगा दाबत राहा. दाबताना मोटर नीट चालली, तर दोष बहुधा मोटरीत पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या पडद्यात किंवा नळीत हवा शिरण्यात आहे. तेव्हा कार्बोरेटर खोलू नका.

तरीही फरक नसेल तर कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी; इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं. वाटीत पिवळट चिकट राळ असेल तर जेटही बहुधा तुंबलाय. तो कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेने आणि हवेच्या झोताने साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं.