काडतुसांची टंचाई आणि पुनर्भरण (सोलापूर जिल्हा)

काडतुसांची टंचाई आणि पुनर्भरण : परवाना असूनही आपल्या बंदुकीची काडतुसे बाजारात न मिळणे, आणि त्यावर तोड म्हणून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरणे. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न पीक राखणारा शेतकरी, स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणारा आणि नेमबाज खेळाडू अशा तिघांना पडतो. शेतकऱ्याला वर्षाकाठी मूठभर काडतुसे पुरतात. नेमबाजाची तेवढी एका सकाळी संपतात. त्यामुळे टंचाईची ओरड दोघांचीही असली तरी तिच्यावरचा इलाज एकच नसतो.

नागरी वापराची काडतुसे बऱ्याच अंशी सरकारी कारखान्यांतून येतात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. बारा बोअरची (छर्ऱ्याच्या बंदुकीची) ‘शक्तिमान’ काडतुसे तिथलीच, आणि काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरेही तिथलीच. खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव हे दोन्ही कारखाने 1 ऑक्टोबर 2021 पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. त्यांचे पहिले गिऱ्हाईक लष्कर. बारा बोअर, तीनशेपंधराची रायफल किंवा बत्तीसचे रिव्हॉल्वर बाळगणारा नागरिक त्यानंतर. म्हणजे खडकी सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर असली तरी त्या जवळिकीचा इथल्या परवानाधारकाला फायदा नाही. काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेले असते, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडून, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. निवडणूक लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि तेवढा काळ हा प्रश्नच मिटतो.

जगात टंचाई आली की तिचे कारण बहुधा दूर कुठेतरी असते. अमेरिकेत डिसेंबर 2012 मधील शाळेतल्या गोळीबारानंतर कायदे कडक होतील या धास्तीने, आणि 2020 मध्ये कोविड व अशांततेमुळे लोकांनी दुकाने रिकामी केली. 2022 पासून युक्रेन युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि युरोपात धूरविरहित दारूची चणचण भासू लागली. या दारूचा मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज. तो सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून करतात. गिरण्यांच्या गावाला कापसाचा हा उपयोग सहसा माहीत नसतो.

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरणे कायदेशीर आहे आणि हजारो लोकांचा तो छंद आहे. काडतुसात पुंगळी, बुडाची टोपी (दारू पेटवणारी, म्हणजे प्रायमर), दारू आणि गोळी किंवा छर्रे असे चार भाग असतात. त्यांत पितळी पुंगळी सर्वांत महाग आणि ती पुन्हा पुन्हा चालते. बचत तिथे होते. पण टंचाईवरचा उपाय म्हणून या छंदाचे जेवढे कौतुक होते तेवढे ते खरे नाही. 2020 नंतर काडतुसांबरोबर टोप्याही बाजारातून गायब झाल्या, आणि काडतुसे भरण्याचे यंत्र घेऊन बसलेल्यांचे हात रिकामेच राहिले. शिवाय सगळ्या पुंगळ्या सारख्या नसतात. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मध्ये एकच छिद्र असते, म्हणून जुनी टोपी सहज निघते. बर्डन पद्धतीत बारीक छिद्रे दोन, तिथे टोपी काढताना नाकी नऊ येतात. गंमत अशी, की या पद्धती ज्यांच्या नावाच्या त्यांतला बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत घेतली. पॉइंट टू टू (नेमबाजीच्या छोट्या रायफलच्या) काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते पुन्हा भरण्याचा विचारच व्यवहार्य नाही. दारू दुप्पट पडली तर नळी फुटते. पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते, आणि मागून झाडलेली पुढची गोळी तिच्यावर आदळते.

भारतात या चर्चेला कायदाच पूर्णविराम देतो. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसांचे सुटे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे भरण्याचे यंत्र घरी आणणे हीसुद्धा साधी खरेदी ठरत नाही. कलम 5 प्रमाणे निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अंतर्भूत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. चार पैसे वाचवायला हा धोका पत्करावा असे सुचवणाऱ्याने आधी हे कलम वाचावे.

काडतूस भरण्याच्या या अडचणीला एक बंदूक मात्र अपवाद आहे, ती म्हणजे ठासणीची. तिला काडतूसच नसते. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, म्हणजे प्रत्येक बार हातानेच भरायचा. याच कायद्याचे कलम 13 पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख करते; ती पुरेशी नाही असे वाटले तर परवाना अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद शहाणपणाची आहे.

तरीही राखणीसाठी बंदूक हा शेवटचा उपाय. नान्नजच्या माळावर माळढोक अभयारण्य आहे. भोवतीच्या ज्वारी-हरभऱ्यात काळविटांचे कळप उतरतात, आणि त्यांच्यावर गोळी झाडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे. उसात घुसणारी रानडुकरे मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. माळ्यावरून गोफण, पत्र्याचे डबे आणि रात्रीची हाकाटी यांनी काम भागले तर काडतूस वाचते आणि कोर्टाची पायरीही टळते.

नेमबाजाला मात्र गोळ्या मोजून चालत नाही. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने रायफल झाडण्याच्या प्रकारात) एका पात्रता फेरीत 60 गोळ्या लागतात. ट्रॅपमध्ये (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपण्याच्या प्रकारात) 125 तबकड्या आणि प्रत्येकीवर दोन बारांची मुभा, म्हणजे एकाच स्पर्धेत 250 काडतुसेही जाऊ शकतात. कोल्हापूरकर स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला याच थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या पोरांचा ओढा वाढला. त्यांच्यासाठी खरा आधार ड्राय प्रॅक्टिसचा आहे : गोळी न घालता पवित्रा, श्वास, चाप. चाप ओढताना माशी (नळीच्या टोकावरची नेमखूण) हलली की डोळ्याला लगेच दिसते, कारण ते लपवायला बाराचा धक्का नसतो. दुसरा आधार 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलचा. 20 जूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही आणि छर्ऱ्यांचा डबा काडतुसांच्या मानाने स्वस्त पडतो. पॉइंट टू टू वापरणारे एखादा लॉट (कारखान्यात एकत्र बनलेली खेप) आपल्या नळीला मानवला की परवान्याच्या मर्यादेत त्याच लॉटचा साठा करतात. टंचाईत असा साठा कामी येतो.

साठा कसा ठेवला यावर बरेच अवलंबून असते. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारीच्या डिकीत काडतुसे ठेवू नयेत. पावसाळ्यात जुनी कागदी काडतुसे दमटपणाने फुगतात. बोटांत फिरवली की कड भरीव लागते आणि नळीत शिरताना अडतात. ती दाबून बसवू नयेत. चाप ओढूनही बार उडाला नाही तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबावे. उशिरा उडणारा बार असतो.

वाड्यातल्या जुन्या पेटीत आजोबांची पितळी काडतुसे सापडतात, ती उघडून दारू पाहण्याचा मोह होतो. परवानाधारक हयात नसेल तर ती बाळगण्याचा अधिकार वारसांना आपोआप मिळत नाही. कलम 21 प्रमाणे शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात.