थ्रेड मेला, लॉक राहिले: अनाथ म्युटेक्सची पार्श्वभूमी

थ्रेडने (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) म्युटेक्स, म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणारे लॉक, घेतला आणि तो सोडण्याआधीच थ्रेड संपला, की प्रोग्रॅम कोसळत नाही. तो नुसता थांबतो. सीपीयूचा वापर शून्यावर येतो, लॉगमध्ये एक ओळही पडत नाही, आणि डीबगर जोडून म्युटेक्सचा मालक पाहिला तर थ्रेडच्या यादीत नसलेला क्रमांक दिसतो. इथे प्रश्न दोन आहेत: लॉक कोणी सोडायचे, आणि त्या लॉकने राखलेला डेटा आता कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्याला उत्तरे पुष्कळ निघाली. खरी अडचण नेहमी दुसऱ्यापाशी आली.

झेरॉक्समध्ये मेसा भाषेवर काम करणाऱ्या बटलर लॅम्प्सन आणि डेव्हिड रेडेल यांच्या 1980 च्या लेखात ही अडचण स्पष्ट मांडलेली आहे. मॉनिटरमधल्या (डेटा आणि त्याचे लॉक एकत्र बांधणाऱ्या रचनेतल्या) प्रोसिजरमधून अपवाद, म्हणजे चूक कळवणारा संकेत, बाहेर पडणार असेल, तर आधी डेटा सुसंगत करायचा आणि मगच लॉक सोडायचे, अशी तिथे अपेक्षा होती. प्रोसेस (मेसात थ्रेडलाच हे नाव होते) थांबवण्याची सोयही मवाळ होती. ‘अबॉर्ट’ म्हटल्याने प्रोसेस जागच्या जागी मरत नसे. ती कंडिशनवर (एखादी अट पूर्ण होण्याची वाट पाहत) थांबलेली असेल किंवा पुढे कधी थांबेल, तेव्हा तिला अपवाद मिळे आणि आवराआवर करून ती स्वतःच संपे. पुढच्या चाळीस वर्षांत बहुतेक प्रणाली फिरून याच जागी आल्या.

युनिक्सच्या सिस्टिम व्ही सेमाफोरमध्ये (लॉकसारख्या वापरता येणाऱ्या गणकात) ‘सेम अनडू’ हा ध्वज होता. प्रोसेस मेली की तिने केलेले बदल कर्नल (प्रणालीचा गाभा) उलटे करून टाके. पण हा हिशेब प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमचा होता, आतल्या एका थ्रेडचा नव्हे. शिवाय सेमाफोर मोकळा झाला तरी पुढच्याला काहीच कळत नसे. तो अर्धवट लिहिलेल्या रेकॉर्डवर निर्धास्तपणे काम सुरू करी.

1993 च्या विंडोज एनटीने इथे महत्त्वाची भर घातली. म्युटेक्सचा मालक थ्रेड संपला, तर पुढच्या थ्रेडला लॉक मिळते, पण ‘वेट अबॅन्डन्ड’ म्हणजे 0x80 हे मूल्य घेऊन. अर्थ असा: लॉक तुमचे आहे, डेटाची खात्री तुम्ही करा. नेमकी चूक इथेच होते. बराच कोड फक्त शून्य (म्हणजे यश) आले का एवढेच तपासतो, 0x80 ला अपयश समजून परत फिरतो आणि हातात आलेले लॉक सोडत नाही. मेलेल्याऐवजी आता जिवंत थ्रेडने ते अडवून धरलेले असते. क्रिटिकल सेक्शन या विंडोजच्या दुसऱ्या लॉकला तर ही सोयही नाही, कारण त्याची नोंद प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत राहते. म्हणून ‘टर्मिनेट थ्रेड’ने मारलेला थ्रेड त्या क्षणी हीपमधून (प्रोग्रॅमच्या सामायिक मेमरीसाठ्यातून) मेमरी घेत असेल, तर हीपचे लॉक अडकते आणि नंतर मेमरी मागणारा प्रत्येक थ्रेड तिथेच थबकतो. मारणाऱ्याच्या कोडमध्ये एकही लॉक नसले तरी हे घडते.

पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक मानकाने, 1995 च्या थ्रेड मानकात ‘पीथ्रेड कॅन्सल’ (दुसरा थ्रेड रद्द करण्याची सोय) आणले, पण त्याला लगाम घातला. मूळ सेटिंगमध्ये रद्द करण्याची विनंती ठरावीक जागांवरच लागू होते, आणि म्युटेक्स घेण्याची जागा त्यात नाही. कंडिशनवर थांबणे मात्र आहे. तिथे थ्रेड रद्द झाला तर क्लीनअप हँडलर (आवराआवर करणारे फंक्शन) चालण्याआधी म्युटेक्स पुन्हा त्याच्या ताब्यात येतो. म्हणजे हँडलर आधी नोंदवलेला नसेल, तर थ्रेड लॉकसकट जातो. आणि विनंती कुठल्याही क्षणी लागू होईल असा असिंक्रोनस प्रकार निवडला, तर रद्द करण्याशी संबंधित तीन फंक्शने वगळता मानकातले एकही फंक्शन सुरक्षित धरता येत नाही, मेमरी मागणारे ‘मॅलॉक’सुद्धा नाही.

जावाने उलटी वाट धरली. ‘थ्रेड स्टॉप’ थ्रेडमध्ये ‘थ्रेड डेथ’ हा अपवाद फेकत असे आणि तो अपवाद एकेका मेथडमधून वर सरकताना धरलेले सगळे मॉनिटर आपोआप सुटत. लॉक अडकण्याचा प्रश्न संपला. त्याजागी जास्त वाईट प्रश्न आला. रक्कम एका खात्यातून वजा झाली, दुसऱ्यात जमा व्हायची राहिली आणि मॉनिटर मोकळा, तोही कोणालाही सूचना न देता. अडकलेला प्रोग्रॅम निदान दिसतो. चुकीचा आकडा कित्येक आठवडे दिसत नाही. जेडीके 1.2 मध्ये, 1998 साली, हे मेथड नापसंत ठरवले गेले. जावा 20 मध्ये ते थ्रेड थांबवण्याऐवजी बोलावणाऱ्यालाच ‘ही सोय नाही’ असा अपवाद देऊ लागले.

लिनक्समध्ये अडचण वेगळी होती. तिथल्या लॉकचा पाया असलेला फ्युटेक्स वेगवान, कारण स्पर्धा नसेल तर लॉक घेताना कर्नलला विचारावेच लागत नाही. पण त्यामुळेच कोणाकडे कोणते लॉक आहे हे कर्नलला माहीत नसते. पॅकेज बसवणारे ‘यम’ किंवा ‘आरपीएम’ मध्येच मारले की पॅकेजांचा डेटाबेस अडकायचा, आणि मग ॲडमिन ‘डीबी’ नावाच्या तात्पुरत्या फायली हाताने पुसून डेटाबेस पुन्हा बांधत. 2006 मध्ये, 2.6.17 आवृत्तीत, इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांचे रोबस्ट (मालक मेला तरी निभावणारे) फ्युटेक्स आले. प्रत्येक थ्रेड आपल्या ताब्यातल्या रोबस्ट लॉकची साखळी आपल्याच मेमरीत ठेवतो आणि तिचा पत्ता कर्नलला एकदाच देतो. थ्रेड संपताना कर्नल ती साखळी चालत जातो, मालकाचा क्रमांक जुळला तर ‘मालक मेला’ हा बिट लावतो आणि थांबलेल्या एकाला उठवतो. साखळी यूजरच्या ताब्यात असल्याने ती वर्तुळाकार असू शकते, म्हणून 2048 नोंदींची मर्यादा घातली आहे. लॉक घेतले पण साखळीत जोडायचे राहिले, या मधल्या क्षणासाठी वेगळी ‘प्रलंबित’ नोंद असते. ही बारीक गोष्ट नसती तर सगळी योजना गळकी ठरली असती.

पॉझिक्सच्या 2008 च्या आवृत्तीत रोबस्ट म्युटेक्स मानकात आला. वापर असा: म्युटेक्सच्या गुणधर्मांत ‘रोबस्ट’ लावायचे, प्रोसेसांमध्ये वाटायचा असेल तर ‘प्रोसेस शेअर्ड’ही. लॉक घेताना ‘ई ओनर डेड’ (लिनक्सवर 130) आले, तर लॉक तुमच्याकडेच आहे. डेटा तपासून दुरुस्त करायचा, ‘पीथ्रेड म्युटेक्स कन्सिस्टंट’ बोलवायचे, मग अनलॉक. मधली पायरी गाळली, तर पुढे प्रत्येकाला ‘ई नॉट रिकव्हरेबल’ (131) मिळते आणि म्युटेक्स नष्ट करून नव्याने बांधण्यावाचून उपाय राहत नाही. म्हणून दुरुस्ती न करता ‘कन्सिस्टंट’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. ते जावाच्या ‘स्टॉप’इतकेच घातक आहे, फक्त दोन ओळी जास्त लिहून केलेले. दुरुस्ती शक्य व्हायची तर बदलाआधी जुनी किंमत किंवा ‘काम सुरू’ अशी खूण त्याच शेअर्ड मेमरीत लिहून ठेवावी लागते.

रस्ट भाषेत लॉक धरून थ्रेड पॅनिक झाला (चुकीमुळे कोसळला), तर लॉक सुटते पण म्युटेक्स ‘विषारी’ ठरतो. पुढच्याला लॉक मागताना त्रुटी मिळते. आतला डेटा हवा असेल तर ती त्रुटी मुद्दाम उघडावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसने तर दुरुस्तीचा नादच सोडला आहे. एखादी बॅकएंड (एका जोडणीचे काम पाहणारी) प्रोसेस ‘किल -9’ने, म्हणजे आवराआवरीची संधी न देता मारली, की पोस्टमास्टर (मुख्य प्रोसेस) बाकीच्या सगळ्या बॅकएंड बंद करतो, शेअर्ड मेमरी नव्याने मांडतो आणि वॉलवरून (बदलांच्या आधीच लिहिलेल्या नोंदवहीवरून) डेटा पूर्वपदावर आणतो. शेअर्ड मेमरीत कोण काय अर्धवट टाकून गेले याचा तपास करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि माझ्या मते बहुतेक सर्व्हर प्रोग्रॅमना तेच लागू आहे. एका क्वेरीसाठी ‘किल -9’ वापरू नये, ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ वापरावे, हे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) सांगतात ते याचसाठी: तो संकेत बॅकएंड स्वतः सुरक्षित जागी तपासते.

थ्रेड बाहेरून मारण्याची दारे आता बरीच बंद झाली आहेत. डॉटनेट कोअरमध्ये ‘थ्रेड अबॉर्ट’ चालत नाही, अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीत ‘पीथ्रेड कॅन्सल’ नाही, आणि सी++20 ने दिलेले ‘स्टॉप टोकन’ फक्त विनंती पोहोचवते. रोबस्ट म्युटेक्सची खरी जागा म्हणून उरते ती प्रोसेसांमधली शेअर्ड मेमरी, जिथे समोरची प्रोसेस कधीही मारली जाऊ शकते. तिथेही हा गुण पॉझिक्सने म्युटेक्सपुरताच दिला आहे. रीड-राइट लॉक आणि कंडिशन व्हेरिएबल यांना तो नाही. सिग्नल देणारी प्रोसेस आधीच मेली, तर कंडिशनवर थांबलेल्याला कोणी उठवत नाही, म्हणून अशा ठिकाणी ‘टाइम्ड वेट’ (ठरावीक वेळेपुरतेच थांबणे) वापरून दर वेळी स्थिती पुन्हा तपासावी लागते.