पोकरचे पुस्तक आणि सट्ट्याचे पुस्तक

पुस्तकांच्या दुकानात पोकरवरची आणि खेळांच्या निकालांवरील सट्ट्याची पुस्तके बहुधा एकाच कप्प्यात लावलेली असतात. दोन्हींत शक्यतेचे गणित असते, पैशाचा सांभाळ कसा करावा यावर एक प्रकरण असते आणि संयमाची शिकवण असते. त्यामुळे एक आवडले म्हणून दुसरे उचलणाऱ्या वाचकाला दोन्हींचा विषय एकच वाटतो. प्रत्यक्षात पोकरचे पुस्तक माणसाच्या चुकांविषयी असते आणि सट्ट्याचे पुस्तक भावाविषयी असते, किंवा असायला हवे. हा फरक ध्यानात न ठेवता केलेली शिफारस निरुपयोगी ठरते, आणि टीकाही चुकीच्या जागी लागते.

पोकरमध्ये पैसा समोरच्या खेळाडूंकडून येतो. जागा देणारा प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशातून, 'रेक' म्हणजे आपला वाटा कापून घेतो आणि कोण जिंकले याची फिकीर करत नाही. दिवाळीत घरी बूट लावून तीन पत्ती खेळलेल्या माणसाला यातले जवळजवळ सगळे ओळखीचे वाटेल, फक्त घरच्या बैठकीत हा कापून घेणारा नसतो. चांगले पुस्तक शिकवते कसे, हे एका डावावरून पाहू. तुमच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या चार उघड्या, सर्वांच्या सामाईक पानांत आणखी दोन बदाम आहेत, पॉटमध्ये ८०० रुपये आहेत आणि समोरचा २०० लावतो. आता २०० भरून १,००० मिळवण्याचा प्रश्न आहे, म्हणजे सहांतून एकदा, १६.७ टक्के वेळा, जिंकलात तरी हिशेब बरोबरीत सुटतो. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम शिल्लक आहेत. शेवटच्या पानावर फ्लश, म्हणजे पाच बदाम, लागण्याची शक्यता १९.६ टक्के होते. तेव्हा कॉल करावा, म्हणजे २०० भरावेत. एवढे गणित कोणतेही पुस्तक सांगते. चांगले पुस्तक पुढे विचारते की बदाम लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल का, त्याच्याकडे तुमच्याहून मोठा फ्लश असू शकतो का, आणि आत्ताच रेज केले, म्हणजे रक्कम वाढवली, तर तो पाने टाकून देईल का. खरा विषय तिथे सुरू होतो.

डेव्हिड स्क्लान्स्की यांचे 'द थिअरी ऑफ पोकर' (१९८७) याच कारणासाठी मी आजही सर्वांत आधी सुचवतो. प्रतिस्पर्ध्याची पाने दिसत असती तर जे केले असते त्याहून वेगळे काही केले की फायदा त्याचा, आणि तो तसे चुकला की फायदा आपला, हे या पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र आहे. त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पॉटमध्ये दोनच खेळाडू असतात तेव्हा हे सूत्र चोख चालते, तिसरा आला की त्याला अपवाद निघतात. शिवाय बरीचशी उदाहरणे स्टड, ड्रॉ अशा आता फारशा न खेळल्या जाणाऱ्या प्रकारांतली आहेत, त्यामुळे केवळ नो-लिमिट होल्डेम, म्हणजे वरच्या उदाहरणातला सामाईक पानांचा प्रकार, शिकू पाहणारा वाचक चाळीस-पन्नास पानांत कंटाळतो. त्याने कंटाळू नये, एवढेच मी म्हणेन. कारण खेळाचा प्रकार बदलला तरी विचाराची पद्धत तीच राहते.

डॉयल ब्रन्सन यांच्या 'सुपर/सिस्टम'बद्दल मात्र लोक भक्तिभावाने बोलतात तितके मला बोलवत नाही. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेल्या माणसाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपला आक्रमक खेळ छापून खुला करावा, ही घटना मोठी होती. परंतु जो खेळ सगळ्यांनी वाचला, त्याची धार त्याच वाचकांमुळे बोथट होत जाते. डॅन हॅरिंग्टन यांच्या २००४ पासून आलेल्या होल्डेम-स्पर्धांवरील खंडांचेही थोडे तसेच झाले. आपल्या चिप्स ब्लाइंड आणि अँटी या डावाआधीच्या सक्तीच्या रकमा भरत किती फेऱ्या पुरतील हे मोजण्याची त्यांतली रीत अजून उपयोगी आहे, पण संगणकाने डाव सोडवणाऱ्या सॉल्व्हरच्या काळात त्यांतले अनेक सल्ले भित्रे वाटतात. सॉल्व्हरच्या भाषेतले पोकर हवे असेल तर मायकेल असेव्हेडो यांचे 'मॉडर्न पोकर थिअरी' (२०१९) आहे. ते तक्त्यांनी भरलेले आहे आणि झोपण्यापूर्वी वाचण्यासारखे मुळीच नाही.

आता सट्ट्याकडे वळू. इथे समोर खेळाडू नसतो, बुकीने लावलेला भाव असतो. दोन तुल्यबळ संघांच्या सामन्यात दोन्ही बाजूंना १.९१ असा भाव आहे असे धरू. म्हणजे १०० रुपये लावले आणि जिंकलात तर मुद्दल धरून १९१ परत येतात. १ ला १.९१ ने भागले की ५२.४ टक्के येतात, आणि दोन्ही बाजूंची बेरीज १०० न होता १०४.७ होते. वरचे ४.७ हे बुकीचे दुकान चालवतात. याचा अर्थ असा की निम्म्याहून थोडे अधिक सामने बरोबर ओळखणारा माणूसही हळूहळू पैसे घालवतो. आणि खेळाचे ज्ञान? खेळपट्टी कोरडी आहे, अमुक गोलंदाज दुखापतग्रस्त आहे, हे तुम्हाला कळले तेव्हा ते भावातही उतरलेले असते. कोण जिंकेल हे ओळखणे आणि भाव चुकला आहे हे ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि या वर्गातली बहुतेक वाईट पुस्तके पहिल्याच कामावर तीनशे पाने खर्च करतात.

माझा तपासण्याचा एक साधा मार्ग आहे. पोकरचे पुस्तक हाती आले की शेवटच्या सूचीत रेक शोधायचा, आणि सट्ट्याचे आले की बुकी जिंकणाऱ्या ग्राहकावर घालतात त्या मर्यादांचा उल्लेख शोधायचा. पोकरच्या जागेला जिंकणारा खेळाडू चालतो, कारण तिचा वाटा पॉटमधून निघतच असतो. अनेक बुकींना मात्र सतत जिंकणारा ग्राहक नको असतो. ते त्याला लावता येणारी रक्कम कमी करत नेतात किंवा त्याचे खाते बंद करतात. हे न सांगणारे पुस्तक अर्धेच लिहिलेले असते.

स्टॅनफर्ड वाँग यांचे 'शार्प स्पोर्ट्स बेटिंग' (२००१) या कसोट्यांवर बऱ्यापैकी टिकते, कारण ते पहिल्यापासून भावाच्या अंकगणितावर उभे आहे. त्यातला टीझरवरचा भाग प्रसिद्ध आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोल ३ गुणांचा आणि टचडाउन त्यापुढच्या किकसह ७ गुणांचा असल्याने पुष्कळ सामने नेमक्या ३ किंवा ७ च्या फरकाने संपतात. दोन सामन्यांच्या टीझरमध्ये प्रत्येक सामन्याची रेषा, म्हणजे बुकीने धरलेला गुणांचा फरक, आपल्या बाजूला ६ गुणांनी सरकवता येते, पण दोन्ही अंदाज बरोबर यावे लागतात. वाँग यांनी दाखवले की ती रेषा ३ आणि ७ हे दोन्ही आकडे ओलांडत असेल तरच सौदा घेण्याजोगा आहे. शंभर मिळवायला ११० लावावे लागत असतील तर प्रत्येक सामना सुमारे ७२.४ टक्के वेळा जिंकणे पुरते. हे गुपित पसरल्यावर अनेक ठिकाणी ११० चे १२० झाले, आणि लागणारा आकडा ७३.९ वर गेला. दीड टक्क्याचा हा फरक किरकोळ दिसतो, पण सगळा नफा तेवढ्यातच होता. पोकरचे पुस्तक प्रतिस्पर्धी शहाणे झाल्याने जुने होते. सट्ट्याचे पुस्तक बुकीने वाचले की जुने होते.

म्हणूनच एड मिलर आणि मॅथ्यू डेव्हिडो यांचे 'द लॉजिक ऑफ स्पोर्ट्स बेटिंग' (२०१९) मला त्याहून सरस वाटते. ते युक्त्या कमी देते आणि भाव कसा तयार होतो, कोणता बुकी स्वतः भाव ठरवतो, कोणता दुसऱ्याचा उचलतो, हे समजावून सांगते. गंमत अशी की मिलर मूळचे पोकरचे लेखक. स्क्लान्स्की आणि मेसन मॅलमथ यांच्याबरोबर त्यांनी छोट्या रकमांच्या होल्डेमवर लिहिले आहे. दोन्ही प्रांतांत वावरलेला माणूस त्यांची सरमिसळ किती कमी करतो, हे या पुस्तकात दिसते.

स्वतःच्या जिंकण्याच्या आकड्यांवर उभ्या असलेल्या पुस्तकांविषयी मात्र सावध राहावे. शंभर पैजांपैकी ५५ जिंकल्याचा दावा प्रभावी वाटतो, पण केवळ नाणे उडवून पैज लावणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे १८ जण तेवढे किंवा त्याहून अधिक जिंकतील. त्या अठरांपैकी एकाने पुस्तक लिहिले तर उरलेल्या ब्याऐंशींची हकिगत आपल्यापर्यंत येणार नाही. जोसेफ बुखडाल यांचे 'स्क्वेअर्स अँड शार्प्स, सकर्स अँड शार्क्स' (२०१६) हा भ्रम फार नेटाने उकलते. निकालाऐवजी आपण घेतलेला भाव आणि सामना सुरू होतानाचा भाव यांची तुलना करावी, हा अशा विवेचनाचा व्यवहारी धागा आहे. तुम्ही २.१० ला घेतले आणि सुरुवातीला भाव १.९५ वर आला, तर हरलात तरी सौदा बहुधा चांगला होता. पोकरमध्ये हेच काम डाव पुन्हा तपासून करता येते.

भारतीय वाचकाच्या बाबतीत या दोन्हींमधली कायद्याची रेषा मात्र पुसट झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरील पैजेला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले होते, आणि पोकरची बाजू मांडणारे याच युक्तिवादावर उभे असत. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर कौशल्य आणि नशीब असा भेद न करता बंदी घातली. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंत बसणाऱ्यांना किंवा परदेशात राहणाऱ्यांना सोडले, तर इथल्या वाचकासाठी ही पुस्तके आता प्रामुख्याने वाचण्यापुरतीच आहेत.

वाचण्यापुरतेच हवे असेल तर अॅनी ड्यूक यांचे 'थिंकिंग इन बेट्स' (२०१८) जरूर घ्यावे, फक्त ते या कप्प्यात शोधू नये. नावात पैज आहे, लेखिका पोकरच्या व्यावसायिक खेळाडू होत्या, तरी ते ना पोकर शिकवते ना सट्टा. निकालावरून निर्णयाची प्रत ठरवण्याची खोड कशी मोडावी, हा त्याचा विषय आहे. मारिया कोनिकोव्हा यांचे 'द बिगेस्ट ब्लफ' (२०२०) हेही तसेच, नामवंत पोकरपटू एरिक सायडल यांच्याकडून शून्यापासून पोकर शिकल्याचे आत्मकथन. त्यात डावांचे विश्लेषण तोकडे आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी ते कशासाठी उघडले होते, हे मला अजून कळलेले नाही.